तृतीयपंथी असणं आजार नाही, मग डॉक्टरांकडे कशाला?

लोणार : बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात लिंगबदल शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आपल्याकडंही पारावर चर्चा रंगली. त्यांच्या तपासणीत पुरुषांत असणारं वाय गुणसूत्र सापडलं होतं. पण सगळ्यांचं तसं नसतं. अनेक पारलिंगी व्यक्तींचे रिपोर्ट नॉर्मल येतात, तरी आतून ‘मी बाईच’ किंवा ‘मी पुरुषच’ ही जाणीव पक्की असते. ती रक्त तपासून कळत नाही. डॉक्टरांना वेळ देऊन, बोलूनच समजून घ्यावं लागतं.

पूर्वी याची गणना मानसिक आजारात व्हायची. जागतिक आरोग्य संघटनेची नवी यादी 1 जानेवारी 2022 ला लागू झाली, त्यात ती चूक सुधारली. नोंद मात्र ठेवली; कारण कागदावर नावच नसेल तर हार्मोन, शस्त्रक्रिया, विमा मिळणार कसा?

खरं भांडण आहे ते अल्पवयीन मुलांवरून. वयात येणं लांबवणाऱ्या औषधांचे पुरावे कमकुवत आहेत, असं इंग्लंडच्या डॉ. हिलरी कॅस यांनी 2024 च्या अहवालात म्हटलं. सगळ्याच डॉक्टरांना ते पटलेलं नाही.

‘पोराला पहिल्यासारखं करून देतो’ असं कुणी म्हणालं तर मात्र सावध राहा. भगत तर सोडाच, डॉक्टरनेही असा उपचार करणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवलंय. ओळखपत्राचे सध्याचे नियम बुलढाण्याच्या समाज कल्याण कार्यालयात विचारून घ्यावेत.