निळा पडदा काय सांगतो?

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातल्या सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांवर निळा पडदा झळकला. विमानतळ, बँका, रुग्णालयं यांचं काम ठप्प झालं. कारण होतं क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष अपडेट फाइल.

एरवीही जुन्या लॅपटॉपवर हा पडदा अधूनमधून, अचानक येतो. विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, सावरता न येणारी चूक झाली की डेटा बिघडू नये म्हणून यंत्रणा स्वतःच थांबते.

पडद्यावरचा स्टॉप कोड आधी टिपून घ्यावा. दर वेळी वेगळा कोड येत असेल, तर पहिला संशय रॅमवर. विंडोजमध्येच असलेलं ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ ती तपासतं. रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर आलटूनपालटून एकेक लावून पाहिली की सदोष पट्टी सापडते. कोड तोच तो असेल, तर नुकताच बदललेला ड्रायव्हर मागे घ्यावा. बिघाडाची नोंद असलेल्या मिनीडम्प फाइलमध्ये बऱ्याचदा त्याचं नावही मिळतं.

गेम किंवा व्हिडिओ चालू असतानाच पडदा येतो का? मग लॅपटॉप जास्त तापत असावा; पंख्यातली धूळ काढावी, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलून घ्यावी.

या सगळ्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायलाच हवी, कारण दोष हार्ड डिस्कचाही असू शकतो.