फुगा आहे म्हणजे फुटणारच?

चक्कर येते म्हणून तात्यांचा पुण्यात एमआरआय काढला आणि रिपोर्टात भलतीच ओळ निघाली: मेंदूच्या धमनीला ४ मिलिमीटरचा अॅन्युरिझम. गाडी शिक्रापूरला पोचायच्या आत बातमी भावकीत पोचते. तिथल्या चाकण चौकातल्या टपरीवर चहा उकळेपर्यंत निकालही लागतो, "डोक्यात बॉम्ब हाय. वय झालं, शिरा पिकल्या. आज ना उद्या फुटणारच." दुसऱ्या दिवसापासून तात्यांना गोठा बंद.

हे 'फुटणारच' ऐकून कान किटले आहेत. तेव्हा शांतपणे बघू.

अॅन्युरिझम म्हणजे धमनीच्या भिंतीला कमकुवत जागी आलेला फुगवटा. सायकलच्या ट्यूबला झिजलेल्या जागी येतो, तसा. २०११ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त आलेल्या आढाव्यानुसार प्रौढांपैकी साधारण ३ टक्के लोकांत तो असतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. ते दुसऱ्याच कशाने तरी जातात.

मग कोणाचा फुटतो? त्याच नियतकालिकात २०१४ मध्ये सहा अभ्यासांतल्या ८,३८२ रुग्णांवरून 'फेझेस' नावाचं गुणांकन मांडलं गेलं. त्यात सत्तरी गाठल्याचा गुण फक्त १. उच्च रक्तदाबाचा १. आकार ७ मिलिमीटरच्या आत असेल तर ०, आणि २० किंवा त्याहून मोठा असेल तर थेट १०. फुगा कोणत्या धमनीवर आहे, त्याचे ० ते ४. पिकलेल्या शिरांना गुण नाहीत!

आता तात्यांचा हिशेब. वयाचा १, बीपीचा १, ज्वारीच्या दाण्याएवढ्या आकाराचा ०, आणि फुगा मेंदूच्या मधल्या धमनीवर म्हणून २. एकूण ४. त्या तक्त्यात ४ गुणांना पाच वर्षांत फुटण्याचा धोका ०.९ टक्के. म्हणजे असे शंभर तात्या असतील, तर पाच वर्षांनी नव्व्याण्णवांचा फुगा शाबूत. हे आकडे युरोप, अमेरिका आणि जपानचे आहेत, भारतातले नाहीत. त्यामुळे अंदाज म्हणूनच घ्यावेत. पण 'फुटणारच' कुठे आणि हे कुठे!

वयाचा खरा प्रश्न उपचाराच्या वेळी येतो. फुग्याच्या तोंडाला क्लिप लावा नाहीतर जांघेतून नळी घालून आत तारेचं वेटोळं भरा, उतारवयात दोन्हींची जोखीम वाढते. म्हणून छोट्या फुग्याला डॉक्टर "ठरावीक काळाने स्कॅन करून बघू" म्हणतात. ते हात वर करणं नव्हे, तोही उपचारच. उलट फुगा मोठा असेल, वाढत असेल, तर केवळ वय झालं म्हणून उपचार नाकारणंही चूक.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

"डोकं दुखतं म्हणजे फुगाच." न फुटलेला छोटा फुगा सहसा दुखतच नाही.

"ही गाठ आहे, कॅन्सर होईल." ही गाठ नव्हे, कॅन्सरशी संबंध नाही.

"बीपी नॉर्मल आलं, गोळी बंद." गोळीमुळेच नॉर्मल आलं आहे.

"बिडीनं काय होतंय?" धूम्रपानाने धोका वाढतो. फेझेसमध्ये बिडीला गुण नाहीत, म्हणून ती माफ नाही.

"शिंक आली, राग आला की संपलं." जोर लावल्यावर धोका काही क्षण वाढतो, हे खरं. त्यासाठी बद्धकोष्ठतेवर औषध घ्या; माणूस घरात कोंडू नका.

भ्यायचंच असेल तर योग्य वेळी भ्या. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं मिनिटाभरात कळस गाठून दुखलं, सोबत उलटी, मान आखडणं, शुद्ध हरपणं किंवा एक पापणी अचानक मिटणं असेल, तर फुगा फुटलेला किंवा फुटायच्या बेतात असू शकतो. फुटल्यावर पहिल्या चोवीस तासांत पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती सर्वांत जास्त असते. अशा वेळी डोक्याला बाम चोळत सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. पुण्याच्या वाटेवर वाघोलीची वाहतूक कोंडी आहे, हे धरूनच निघा.

तोवर तात्यांना गोठ्यात जाऊ द्या.