२४ बाय ३६

ऑस्कर बार्नाक हा जर्मनीतल्या वेत्झलारच्या लाइट्झ कारखान्यातला तंत्रज्ञ. छातीत दमा आणि हौस रानावनात हिंडून फोटो काढायची. काचेच्या प्लेटा आणि लाकडी कॅमेरा पाठीवर घेऊन चढण चढणं त्याला झेपेना. मग १९१३-१४च्या सुमारास त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, कॅमेऱ्यात आडवी फिरवली आणि सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट ठरवली. १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत हा कॅमेरा ‘लायका’ नावाने बाजारात आला. पुढे १९३४ मध्ये कोडॅकने तीच फिल्म तयार डबीत भरून विकायला सुरुवात केली आणि ३६ फोटोंचा रोल जगभर घरोघरी पोचला.

रोल गेला, पण चौकट राहिली. आज ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतात त्या डिजिटल कॅमेऱ्यातली चिप २४ बाय ३६ मिलिमीटरचीच असते, कारण सगळ्या लेन्सा त्या मापाला बेतलेल्या होत्या. त्यामुळे फिल्म सरस की डिजिटल, हा वाद निदान या चौकटीत तरी प्रामाणिकपणे घालता येतो. लेन्स तीच, खिडकी तेवढीच; मागे कधी रोल, कधी चिप. एरवी या वादात एक बाजू ‘आत्मा’ काढते आणि दुसरी मेगापिक्सेल, आणि दोघंही एकमेकांचं ऐकत नाहीत.

आधी बारकाव्याचं बघू. फुजीचा वेल्व्हिया ५० हा स्लाइडचा रोल १९९०मध्ये आला आणि निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलंय की या फिल्मवर एका मिलिमीटरमध्ये १६० रेषा सुट्या दिसतात. हा आकडा फिल्मवाले हमखास फेकतात. त्याच पत्रकात शेजारी दुसरा आकडा आहे, तो मात्र कुणी सांगत नाही. १६० रेषा दिसतात त्या काळ्याकुळकुळीत रेषा पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर असतील तेव्हा. फरक फिका असेल तर ८०. आता झाडाची साल, सुती कापड, माणसाची कातडी यांच्यातला उजळ-गडदपणा कुठल्या आकड्याच्या जवळचा? उघडच दुसऱ्याच्या.

चिपचा हिशेब सोपा आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम चिपवर रुंदीला ६,००० ठिपके असतात. त्यांना ३६ने भागलं की मिलिमीटरला १६६ येतात. एक रेषा आणि तिच्या शेजारची मोकळी जागा मिळून दोन ठिपके लागतात, म्हणजे ८३ रेषा. असे कॅमेरे २००८च्या सुमारास आले. तेव्हा कागदावर बरोबरी झाली आणि त्यानंतरची शर्यत एकतर्फी आहे. प्रत्यक्षात धंदेवाईक फोटोग्राफरांनी त्याच्याही आधी रोल सोडले होते. २००२ मध्ये कॅननचा ११ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा आला, आणि त्याच्या फाइलीतून काढलेली मोठी प्रिंट रोलच्या प्रिंटपेक्षा स्वच्छ दिसायची. रोलमध्ये रेषा जास्त असतील, पण त्या दाण्यांसकट येतात. डोळ्याला मोजमाप कळत नाही, स्वच्छ-अस्वच्छ पटकन कळतं. (स्टुडिओतल्या १२० रोलची गोष्ट वेगळी. ५६ बाय ५६ मिलिमीटरची ती चौकट क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून मोठी, त्यामुळे तिने आणखी काही वर्षं तग धरला.)

खरा फरक मला बारकाव्यात दिसत नाही. तो दिसतो उजेड डोईजड होतो तिथे.

जिलेटीनच्या थरात चांदीच्या क्षारांचे कण पसरलेले असतात. प्रकाश पडला की त्यातले काही जागे होतात, आणखी पडला की आणखी काही. पण जसजसे कण खर्ची पडतात तसतसा नव्या प्रकाशाला उरलेला कण सापडणं कठीण होत जातं. म्हणून फिल्मचा आलेख वर जाता जाता हळूहळू आडवा होतो. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी इंग्लंडमध्ये १८९० साली तो मांडला. चिपचा ठिपका मात्र नळाखालच्या हंड्यासारखा: भरेपर्यंत थेंबाथेंबाचा हिशेब चोख, आणि भरला की पुढचं सगळं पाणी वाया.

आपल्याकडचं लग्न म्हणजे याची परीक्षाच. पांढरा अंतरपाट, मोत्यांच्या मुंडावळ्या, वधूची पिवळी अष्टपुत्री, भटजींचं उपरणं, वर व्हिडिओवाल्याने समोरून मारलेला हॅलोजन, आणि मांडवाच्या कोपऱ्यात काळोखात बसलेल्या आज्या. रंगीत निगेटिव्हवर काम करणारे फोटोग्राफर अशा वेळी बिनधास्त थोडं ‘ओव्हर’ मारायचे, म्हणजे लागतो त्याहून जास्त प्रकाश पडू द्यायचे. निगेटिव्हवर अंतरपाट गडद व्हायचा, पण त्याचा पोत शिल्लक असायचा. डिजिटलमध्ये हीच सवय नडते. तिथे पांढरं सांभाळून ‘अंडर’ घ्यायचं आणि आज्यांना नंतर कॉम्प्युटरवर उजेडात आणायचं. चांगल्या चिपमधून सावलीतला तपशील इतका वर खेचता येतो की निगेटिव्हवाल्याला हेवा वाटावा. एकाचा तोल उजेडाकडे, दुसऱ्याचा अंधाराकडे. पण ‘फिल्म’ म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवू नये. स्लाइडच्या रोलमध्ये प्रकाशाच्या मापात अर्धा स्टॉप चुकला तरी फोटो गेलाच. त्या बाबतीत तो डिजिटलपेक्षाही खाष्ट.

रंगाचं प्रकरण गमतीचं आहे. रंगीत फिल्ममध्ये निळा, हिरवा, लाल टिपणारे थर एकावर एक असतात, त्यामुळे प्रत्येक जागी तिन्ही रंगांची नोंद होते. चिप मुळात रंगांधळी. कोडॅकच्याच ब्राइस बायरने तिच्यावर रंगीत चौकोनांची जाळी बसवली, पेटंट १९७६चं. निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून गणिताने भरले जातात. हे गणित बहुतेक वेळा थक्क करणारं अचूक असतं. फसतं ते बारीक विणीच्या रेशमावर: विणीची जाळी आणि चिपची जाळी एकमेकींवर चढतात आणि पदरावर नसलेले इंद्रधनुषी पट्टे उमटतात. फिल्मचे दाणे विस्कटलेले असतात, ओळीत बसत नाहीत, म्हणून तिथे हा प्रकार होत नाही.

मात्र फिल्मचे रंग ‘नैसर्गिक’ असतात हे मला मान्य नाही. लॅबमध्ये कातडीचा रंग जुळवायला कोडॅकचं एक नमुन्याचं कार्ड असायचं. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत, आणि कित्येक दशकं त्यावर गोरी बाईच असायची. सावळा चेहरा त्या मोजमापात धरलेलाच नव्हता.

मंद प्रकाशाबद्दल फार बोलायला नकोच. ८०० आयएसओच्या पुढे रोल भरड होतो, आजची चिप ६,४००लाही कुरकुरत नाही.

तरीही एक अन्याय राहतोच. आपण फिल्म बघितली ती पोस्टकार्ड साइझच्या प्रिंटवर, कोपऱ्यावरच्या लॅबने काढलेल्या. निगेटिव्हमध्ये मावतो तेवढा उजेड-सावलीचा पल्ला फोटोच्या कागदावर मावत नाही, त्यामुळे मशीन दोन्हीकडची टोकं छाटून टाकायचं. अल्बममधला अंतरपाट कोरा पांढरा दिसतो तो बहुतेक वेळा रोलचा दोष नसतो, छपाईचा असतो. वर ती प्रिंट चाळीस वर्षांत लालसर झालेली. असे अल्बम लोक हल्ली हौसेने स्कॅन करून घेतात आणि निगेटिव्हच्या पट्ट्या रद्दीत देतात. उलट करायला हवं. पट्टी स्कॅन केली तर कागदावर कधीच न उतरलेला अंतरपाटाचा ताणाबाणा बऱ्याचदा सापडतो.

फक्त पट्ट्यांवर बुरशी आलेली असेल, आणि कोकणात व मुंबईत ती येतेच, तर पाण्याने धुवायला जाऊ नये. जिलेटीन हाडं आणि कातडी उकळून केलेलं, म्हणजे बुरशीचं आवडतं खाद्य. तिने पोखरलेलं जिलेटीन पाण्यात विरघळतं आणि चित्रही त्याच्याबरोबर निघून येतं. कोरड्या मऊ ब्रशने जेवढं झटकलं जाईल तेवढं झटकावं, पट्ट्या सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात ठेवाव्यात आणि स्कॅनिंगचं काम पावसाळ्याआधी उरकावं.