सरासरी वेगाचा चकवा

स्पर्धा परीक्षांत हमखास येणारं गणित : गाडी १२० किलोमीटर अंतर ताशी ६० किलोमीटर वेगाने गेली आणि त्याच रस्त्याने ताशी ४० च्या वेगाने परतली, सरासरी वेग किती? बहुतेकांचा हात ५० या पर्यायावर जातो. पेपर काढणाऱ्याने तो मुद्दामच तिथे ठेवलेला असतो. जायला लागले २ तास, यायला ३. एकूण अंतर २४०, एकूण वेळ ५ तास, म्हणजे सरासरी ताशी ४८. गाडी कमी वेगाने जास्त वेळ धावली, म्हणून सरासरी तिकडे झुकली. वेगांची बेरीज करून निम्मे करणं तेव्हाच चालतं, जेव्हा दोन्ही वेगांनी सारखाच वेळ प्रवास झालेला असतो.

रेल्वेच्या गणितांत घोळ होतो तो एककांचा. ताशी किलोमीटरला ५/१८ ने गुणलं की सेकंदाला मीटर मिळतात; ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २०. या वेगाने २४० मीटर लांबीची गाडी सिग्नलचा खांब १२ सेकंदांत ओलांडते. ३६० मीटरचा फलाट ओलांडायला मात्र ३० सेकंद, कारण फलाटाच्या लांबीत गाडीची लांबीही मिळवावी लागते. आणि हो, ५/१८ नुसतं घोकू नका. १००० भागिले ३६०० एकदा स्वतः करून पाहा.