परड्यातल्या खुणा: पश्चिम कोल्हापुरातील भुकेल्या वन्यप्राण्यांचा मागोवा

कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या डोंगरी तालुक्यांत थंडी ओसरली की घरामागच्या परड्यांत वन्यप्राण्यांच्या खुणा उमटू लागतात. माघ-फाल्गुनात सड्यांवरचे गवत वाळते, उतारांवरचे ओढे आटतात आणि वणवे लागतात. परडी मात्र विहिरीच्या आणि सांडपाण्याच्या ओलीवर हिरवी राहतात. याच सुमारास गळीत हंगाम संपत येतो. फड तुटल्यावर उसात आसऱ्याला राहिलेली रानडुकरे आणि गवे उघड्यावर पडतात. भूक आणि हरपलेला आडोसा, दोन्ही त्यांना घरांकडे ढकलतात.

या खुणांमागे शतकभराचा इतिहास आहे. राधानगरी तालुक्यातले दाजीपूरचे जंगल कोल्हापूर संस्थानाचे राखीव शिकारीचे रान होते. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले आणि ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. पुढे तुळशी आणि दूधगंगा नद्यांवरही धरणे झाली. पाणी आले, ऊस वाढला, जिल्ह्याला सुबत्ता आली. पण नदीखोऱ्यांतली सपाट, गवताळ, ओलाव्याची जागा पाण्याखाली आणि पिकाखाली गेली. उन्हाळ्यात गव्यांना लागत होती ती नेमकी हीच जागा.

१९५८ मध्ये दाजीपूर येथे गव्यांसाठी अभयारण्य घोषित झाले. महाराष्ट्रातले ते पहिले अभयारण्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गव्याला सर्वोच्च संरक्षण दिले. १९८५ मध्ये अभयारण्याचा विस्तार होऊन ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. शिकार थांबली, गवे टिकले. चारा मात्र त्या प्रमाणात टिकला नाही. मोकळ्या जागी रानमोडी आणि घाणेरी माजली, काही ठिकाणी ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड झाली. यांतले काहीही गवा आवडीने खात नाही.

२००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती तिलारी खोऱ्यात उतरले आणि पुढे चंदगड-आजऱ्यातही वावरू लागले. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, त्यामुळे केळी, माड, ऊस आणि पिकलेला फणस असलेली घरे त्याच्या वाटेवर येतात. डिसेंबर २०२१ मध्ये गवा थेट कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आला आणि शहराजवळ गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०२० मध्ये, पुण्याच्या कोथरुडमध्ये शिरलेला गवा गर्दी आणि धावपळीनंतर पकडला गेला, पण वाचला नाही.

परड्यातली नासधूस वरवर सारखीच दिसते. बारकाईने पाहिले की प्राणी ओळखता येतो. गवा, सांबर, भेकर यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते पाला ओढून तोडतात, म्हणून देठाचे टोक फाटलेले, धागे निघालेले दिसते. सशाने कुरतडलेला कोंब मात्र कोयत्याने तिरका छाटावा तसा असतो. गव्याचा खूर गाईसारखाच दुभंगलेला, पण ठसा मोठा आणि खोल उमटतो. शेण म्हशीच्या शेणासारखे असते. चारा कमी पडला की तो झाडांची सालही सोलतो.

हत्ती केळीचा बुंधा फोडून आतला गाभा खातो. त्याच्या पुढच्या पायाच्या गोल ठशाचा घेर मोजून दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची साधारण कळते. रानडुक्कर रताळी, आळू, सुरण यांच्यासाठी मुसकटाने माती उलथते. वाफा नांगरल्यासारखा दिसतो. सायाळ कंद आणि कोवळ्या माडाचा बुडखा कुरतडते आणि कधी एखादा काळा-पांढरा काटा मागे टाकून जाते. पपई आतून पोखरली आणि गडग्यावर बियांनी भरलेली विष्ठा पडली, तर रात्री उदमांजर येऊन गेले असे समजावे. चिकूखाली चघळून थुंकलेला चोथा वटवाघळांचा असतो. शेवग्याची फुले आणि कोवळा पाला दिवसाढवळ्या ओरबाडला गेला, तर ते वानरांचे काम.

ही ओळख व्यवहारात उपयोगी पडते. सशासाठी साधी जाळी पुरते, हत्तीपुढे ती टिकत नाही. उदमांजर उंदीर-कीटक खाऊन आणि वटवाघळे बिया पसरवून परड्याचे भलेही करतात. त्यांच्यासाठी दोन फळे सोडणे परवडते. गवा मात्र हजार किलोपर्यंत वाढतो. एरवी तो माणसाला टाळतो, पण कोंडीत सापडला की धावून येतो. आजवर माणसे आणि गवे दगावले त्या घटनांत पाठलाग, आरडाओरडा आणि गर्दी यांचा वाटा मोठा होता. कुंपणात वीज सोडणे किंवा फासकी लावणे हा गुन्हा आहे आणि अशा तारेला घरची माणसे व गुरेही बळी पडतात.

शतकभराच्या या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्राणी सोकावले असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. अभयारण्यातली गवती कुरणे पुन्हा उभी करणे, रानमोडी काढणे, पाणवठे उन्हाळाभर भरलेले ठेवणे आणि वणवे रोखणे हे मूळचे उपाय आहेत. परड्याच्या मालकालाही नुकसानभरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, कारण जंगल राखण्याची किंमत एकट्या डोंगरी कुटुंबाने मोजणे न्याय्य नाही. म्हणून सकाळी परड्यात अशा खुणा दिसल्या तर त्या पुसू नयेत. छायाचित्र घ्यावे, ठसे झाकून ठेवावेत, वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि पंचनामा करून घ्यावा.