चिन्ह का बदलते?

बाजू बदलली की चिन्ह बदलते, हा मंत्र आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केलेला असेल. क्ष अधिक ५ बरोबर १२. पाच उजवीकडे गेले, उणे झाले, क्ष बरोबर ७. उत्तर बरोबर, गुणही पुरे. पण हे पाच पलीकडे गेले कसे? चालत गेले की काय? असे मास्तरांना विचारायची तेव्हा आपली छाती नव्हती. आणि खरं सांगायचं तर गरजही वाटली नाही.

अमेरिकेत २०१० साली शालेय गणितासाठी समान मानके तयार झाली. राज्यपालांच्या आणि राज्यांच्या शिक्षणप्रमुखांच्या संघटनांनी त्यात पुढाकार घेतला. बहुतेक राज्यांनी ती स्वीकारली, काहींनी पुढे टाकूनही दिली. माध्यमिक शाळेच्या बीजगणितासाठी त्यांत एक अपेक्षा आहे : साधे समीकरण सोडवताना प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरून का निघते, हे विद्यार्थ्याने सांगावे. आपला मंत्र येथे पुरा पडत नाही. दोन्ही बाजूंतून ५ वजा केले, म्हणून बरोबरी टिकली, असे म्हणावे लागते.

आता या मानकाबरहुकूम अभ्यासक्रम कसा आखाल? मानक म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. माध्यमिक वर्गांची मानके तर इयत्तावारसुद्धा लावलेली नाहीत. आधी काय, नंतर काय, हे आखणाऱ्यानेच ठरवायचे. जुन्या धड्याच्या माथ्यावर मानकाचा क्रमांक छापला की काम झाले, असे मानणारे पुष्कळ. माझ्या मते सुरुवात शेवटाकडून करावी. मानक साधले हे ज्यावरून कळेल, असे उदाहरण आधी शोधावे.

हे पाहा. एका संख्येत ६ मिळवून वर्गमूळ घेतले, तर तीच संख्या येते. संख्या कोणती? दोन्ही बाजूंचा वर्ग केला, की क्षचा वर्ग बरोबर क्ष अधिक ६. सोडवले तर उत्तरे दोन : ३ आणि उणे २. ताळा पाहू. ३ अधिक ६ म्हणजे ९, वर्गमूळ ३, जमले. उणे २ अधिक ६ म्हणजे ४, वर्गमूळ २, उणे २ नव्हे! एकही पायरी चुकली नाही, मग हा पाहुणा आला कोठून? २ आणि उणे २ यांचा वर्ग एकच. वर्ग करून पुढे जाता येते, पण त्याच वाटेने खात्रीने मागे येता येत नाही. ५ वजा केले असते तर ५ मिळवून परत येता आले असते. हा फरक ज्याला सांगता आला, त्याला बीजगणित आले.

हे उदाहरण ठरले, की त्याआधीचे धडे आपोआप दिसू लागतात : तराजूची बरोबरी, उलट फिरणाऱ्या पायऱ्या, आणि मग न फिरणाऱ्या. ताळा ही शेवटची औपचारिकता न राहता पाठाचा भाग बनते. मात्र तासिका तेवढ्याच राहतात! पन्नास उदाहरणांच्या जागी बाराच घ्यावी लागतील, आणि परीक्षेतही ‘कारण सांगा’ला गुण ठेवावे लागतील. परीक्षेने नुसते उत्तर मागितले, तर मुले मंत्राकडेच वळणार. त्यांना दोष कसा द्यावा?

हा खटाटोप कोणासाठी? मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी झगडलेले बॉब मोझेस यांनी १९८२ साली ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ सुरू केला. बीजगणित न आलेल्या मुलाला महाविद्यालयाचे दार बंद, आणि हे दार गरिबांच्या व कृष्णवर्णीयांच्या मुलांवरच जास्त वेळा बंद होते, हे त्यांनी पाहिले होते. ते मुलांना आधी बॉस्टनच्या भुयारी रेल्वेत बसवीत. कोणत्या दिशेला, किती स्थानके गेलो, हे मुलांनी आपल्या शब्दांत लिहायचे, आणि मग चिन्हांत. पाच स्थानके पुढे गेलेल्याने मूळ जागी यायला काय करावे, हे त्या मुलांना कोणी पाठ करून घ्यायला सांगितले नव्हते.