गिरकीची भीती घालवणारा गुरू

वॉशिंग्टनजवळच्या ज्या विमान संग्रहालयात कॉन्कॉर्ड आणि ‘डिस्कव्हरी’ हे अवकाशयान आहे, तेथेच ‘सेस्ना १५२ एरोबॅट’ हे दोन आसनांचे छोटेसे विमानही जतन केलेले आहे. त्याच्या नावावर कोणताही जागतिक विक्रम नाही. ते एका शिक्षकाचे विमान आहे.

विल्यम कर्शनर (१९२९-२००७) हे अमेरिकी नौदलातील माजी वैमानिक. टेनेसी राज्यातील सिवानी या गावच्या लहानशा विमानतळावर ते हवाई कसरती शिकवत. शिकाऊ वैमानिकांसाठी त्यांनी लिहिलेली पुस्तिका १९६० मध्ये निघाली आणि सुधारित आवृत्त्यांतून आजही वाचली जाते. १९९२ मध्ये ते अमेरिकेतील वर्षाचे सर्वोत्तम उड्डाण प्रशिक्षक ठरले. त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता ‘स्पिन’, म्हणजेच विमानाची गिरकी.

विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर उचलले गेले, की पंखांवरून वाहणारी हवा विस्कटते आणि पंखांची उचल घटते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. त्याच क्षणी विमान एका बाजूला वळत असेल, तर एका पंखाची उचल दुसऱ्यापेक्षा अधिक कमी होते आणि विमान गिरक्या घेत कोसळू लागते. समोर जमीन गरगरताना दिसते. घाबरलेला वैमानिक कंट्रोल मागे ओढतो. नेमकी हीच चूक प्राणघातक ठरते. इंजिनाची शक्ती कमी करणे, गिरकीच्या विरुद्ध दिशेला रडर दाबणे आणि कंट्रोल पुढे ढकलणे हा खरा उपाय. गिरकी थांबली की रडर सरळ करून विमान हळूवार वर घ्यायचे.

जमिनीकडे झेपावत असताना कंट्रोल पुढे ढकलणे मनाला पटत नाही. ते केवळ वाचून अंगवळणी पडत नाही. पुरेशा उंचीवर, जाणत्या गुरूच्या शेजारी बसून शिकावे लागते. अमेरिकेत खासगी वैमानिकांसाठी असलेली गिरकीच्या प्रशिक्षणाची सक्ती १९४९ मध्ये रद्द झाली. स्टॉल ओळखून टाळण्यावर भर देण्यात आला; ही सक्ती उरली ती प्रशिक्षकांपुरती. जमिनीलगत गिरकी सुरू झाली तर सावरायला उंचीच उरत नाही, त्यामुळे ती टाळणे महत्त्वाचे हे खरेच. परंतु गिरकी स्वतः अनुभवलेल्या वैमानिकाला तिची चाहूलही लवकर लागते.

म्हणूनच कर्शनर यांच्या हवाई कसरती प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी नव्हत्या. संकटाच्या क्षणी शिष्याचा हात योग्य दिशेला वळावा, एवढ्यासाठीच त्या होत्या.